नवा रेडिएटर, नवा पंप, तरी गाडी हीट होतेय? कूलिंगचं काम केल्यावरच्या या चुका टाळा

शुक्रवार, म्हापशाचा बाजार, अकरा वाजायला आलेले, पुढे बस अडकलेली आणि माझ्या गाडीचा तापमानाचा काटा हळूहळू लाल पट्ट्याकडे. तुम्ही म्हणाल जुनी गाडी आहे, होणारच. पण त्याच गाडीला पंधरा दिवसांपूर्वी नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट (पाणी ठराविक तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप), नवा वॉटर पंप असं सगळं बसवून झालेलं, अठरा हजार गेलेले, आणि गॅरेजवाल्याने चावी हातात देताना वर सांगितलेलं की दादा, आता बॉनेट उघडायची गरजच नाही. ते मी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा उघडत होतो.

त्या दोन महिन्यांत जे काय शिकलो ते लिहितोय, कारण आजूबाजूला बघतो तर सगळ्यांची हीच तऱ्हा, गाडी हीट झाली की एक पार्ट बदल, परत झाली की दुसरा बदल, आणि शेवटी गाडी विकायला काढ.

पहिली चूक, आणि ही मीच केली, गॅरेजवाल्याने नाही. मी जाऊन नुसतं म्हणालो, "गाडी हीट होते." कधी होते, कुठे होते, ते सांगितलंच नाही. खरं तर अर्धं निदान तिथेच असतं. माझी गाडी डिचोलीहून पणजीला साठच्या स्पीडने गेली तर काटा मध्यावरून हलायचा नाही, पण पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा म्हापशात उभी राहिली की वर. याचा सरळ अर्थ असा की गाडी पळत असताना समोरून वारा मिळतो तेव्हा रेडिएटर आपलं काम करतोय, उभी राहिली की वारा मिळत नाही, म्हणजे संशय फॅनवर, फॅनच्या रिलेवर (फॅनला करंट सोडणारा स्विच), किंवा पुढच्या जाळीत अडकलेल्या मातीवर. याच्या उलट, गावात काही नाही पण अनमोड चढताना किंवा हायवेला लांब पल्ल्यावर काटा वर जातो, तर मग पाणी पुरेसं फिरत नाहीये, रेडिएटर आतून चोंदलाय, पंपाचा पंखा शाफ्टवर घसरतोय किंवा हेड पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग) गेलंय. हे दोन वेगळे रोग आहेत आणि औषधंही वेगळी.

आता माझ्या फॅनचं सांगतो. फॅन चालू होत होता, मी डोळ्यांनी बघितलेला, गॅरेजवाल्यानेही बघितलेला, म्हणून दोघांनीही त्याच्यावर फुली मारली. शेवटी साखळीच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने कालच्या पेपरचं एक पान मागितलं, फॅन फिरत असताना गाडीच्या पुढून जाळीसमोर धरलं, आणि पान जाळीला चिकटायच्या ऐवजी त्याच्या पोटाकडे उडालं. फॅन उलटा फिरत होता! झालेलं असं की आमच्याकडे खाऱ्या हवेने फॅनचा कनेक्टर हिरवा पडलेला, रेडिएटर बदलताना तो काढला तर तुटला, मग पोराने वायरी कापून पीळ देऊन टेप मारला आणि प्लस-मायनसची अदलाबदल झाली. डीसी मोटार आहे, वायरी उलट्या दिल्या की ती मुकाट्याने उलटी फिरते, आवाजही तसाच येतो. उलट्या फॅनने थोडाफार वारा जातो, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला असल्यामुळे तो फारच कमी, आणि जातो तोही इंजिनाकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत. काम झालं पाच मिनिटांत आणि त्याने घेतले शंभर रुपये, तेही नको नको म्हणत.

तेव्हा फॅन फिरतो का एवढंच बघू नका, वारा कुठे जातोय ते बघा. एसी लावला की फॅन लगेच चालू व्हायला हवा, तेवढी एक सोपी टेस्ट. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण काम करताना काढून परत लावायचं राहिलंय का तेही बघा. ते नसलं तर फॅन जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची हवा ढवळत बसतो.

फॅन सरळ झाला तरी गाडी पूर्ण बरी नव्हती ही खरी मजा. म्हापशात आता ठीक, पण मधेच कधीतरी काटा झटकन वर आणि परत झटकन खाली. हा एअर लॉक. कूलिंगचं काम झाल्यावर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, रेडिएटर भरला, कॅप लावली, चला. आत हवेचा बुडबुडा राहतो, तो हेडमध्ये जाऊन बसतो, तिथे पाणी नाही म्हणून धातू तापतो, आणि थर्मोस्टॅटपाशी हवा असली तर तो वेळेवर उघडत पण नाही.

हवा काढायची तर गाडी पूर्ण थंड हवी, तोंड चढाला वर करून लावायची, आमच्या घरासमोरचा चढ यासाठी बेस्ट, आणि हीटरची नॉब पूर्ण गरमवर. इथेच घोळ होतो, कारण गोव्यात हीटर लावतो कोण? माझ्या गाडीत ती नॉब बारा वर्षं निळ्यावरच होती. पण बऱ्याच गाड्यांत नॉब फिरवल्याशिवाय हीटरच्या पाइपात कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी, वर नुसतं पाणी म्हटलं ते हेच) जातच नाही आणि तिथली हवा तिथेच राहते. मग हळूहळू कूलंट ओतायचा, ब्लीडिंगचा, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करून धार सलग येईपर्यंत थांबायचं, इंजिन आयडलला ठेवायचं, रेडिएटरचा वरचा रबरी होज पाइप हाताने दाबत राहायचं (फॅन आणि बेल्टपासून हात लांब, तो फॅन विचारून चालू होत नाही), फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबायचं, आणि पूर्ण गार झाल्यावर परत लेव्हल बघायची. इंजिन तापलेलं आहे, हीटर फुल आहे आणि तरी आतून गार वारा येतोय, तर आत हवा आहे किंवा पाणी फिरत नाहीये. थर्मामीटर नसलेल्या माणसासाठी याहून स्वस्त टेस्ट नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. माझ्या भावोजींनी दिला, "अरे आपल्याकडे थंडी कुठे आहे, काढून फेक." काढल्याने इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहिल्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, म्हणजे गाडी अजूनच हीट. नवीन थर्मोस्टॅटवर मात्र आंधळा विश्वास नको. बसवण्याआधी भांड्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवा, त्यात तो सोडा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, साधारण त्या तापमानाला उघडायला लागला पाहिजे. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि छोटी हलणारी पिन असेल तर ती वर, कारण हवा तिथूनच निघते.

कॅपकडे तर कोणीच बघत नाही. दहा हजाराचा रेडिएटर आणि त्यावर जुनीच कॅप! कॅपवर ०.९ किंवा १.१ असं लिहिलेलं असतं, तो बारमधला दाब. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, पण एक बार दाबाखाली तेच जवळपास १२० पर्यंत टिकतं. कॅपचा रबर कडक झाला की दाब धरत नाही, मग कूलंट लवकर उकळतो, कूलंटच्या टाकीतून बाहेर पडतो, आणि आपण लीकेज शोधत बसतो. तुमच्या गाडीला जो आकडा आहे तोच घ्या, जास्तीचा लावून फायदा नाही, पाइप फुटेल.

पाण्याबद्दल थोडक्यात. विहिरीचं नको, बोअरचं तर नकोच, क्षार आणि गंज आत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिक्स मिळतो तो. हिरव्यात गुलाबी ओतू नका, काही प्रकार एकत्र आले की आत गाळ धरतो. रंगावर जाऊ नका, मॅन्युअलमध्ये कुठला लिहिलाय ते बघा.

आमच्याकडचा अजून एक प्रकार म्हणजे लाल माती. पावसाळ्यात वाळपई, केरी बाजूला फिरलेल्या गाडीत एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, सुकी पानं, मेलेले किडे असा थर बसतो. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ, कारण घाण मध्ये. आतून बाहेर अशी साध्या पाइपाने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप जवळून मारला की जाळीच्या पट्ट्या झोपतात, आणि वारा मग कायमचाच बंद.

आता हेड. एकदा गाडी पूर्ण हीट होऊन बंद पडलेली असेल, तर नंतर तुम्ही कितीही नवे पार्ट घाला, पहिल्याच वेळी हेड वाकलेलं असू शकतं. खुणा बघा: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करायच्या आधी कॅप उघडली आणि फुस्स आवाज आला, किंवा थंड इंजिन चालू केल्यावर एकदोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा, किंवा टाकीत सतत बुडबुडे, हवा काढली तरी दुसऱ्या दिवशी परत. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. एक निळं केमिकल मिळतं, टाकीच्या तोंडाशी धरून टेस्ट करतात, गॅस असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. हेड न उतरवता कळतं, म्हणून हेड उतरवायला परवानगी देण्याआधी ही टेस्ट मागा. आणि उतरवलंच तर नुसतं पॅकिंग बदलून परत लावू देऊ नका, हेड सरळ पट्टीने तपासून गरज असेल तर फेसिंग (मशीनवर सपाट करणं), आणि बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवीनच. लीकेज बंद करायची पावडर मात्र टाकू नका, ती भोक शोधत जात नाही, रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत पण बसते.

काटा पण खोटं बोलतो बरं का. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान दाखवतो, पाणी संपलं की तो हवेत लटकतो आणि काटा आरामात मध्यावर. ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र लावून मोबाइलवर आकडा बघा, किंवा लेझरवालं थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर मारा, पण चमकत्या ॲल्युमिनियमवर ते चुकीचं दाखवतं, आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवा.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल, कडेला घ्या. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद, कॅपला हात नाही, निदान पाऊण तास. गरम इंजिनावर झऱ्याचं गार पाणी ओतणारे लोक मी चोर्ल्याला पाहिलेत, तडकतं ते.

काम करून आणल्यावर टाकीवर मार्करने रेघ मारा आणि सात दिवस रोज सकाळी, थंड असताना, लेव्हल बघा. पहिल्या एकदोन दिवसांत थोडी खाली गेली तर उरलेली हवा निघतेय, भरा. आठव्या दिवशीही उतरतच असेल आणि खाली कुठे थेंब नसेल, तर ते निळं केमिकल घेऊन या. चोर्ल्याने बेळगावला जायचा प्लॅन त्यानंतर.