कुकाबरा कसा ओळखावा आणि कसा ऐकावा

कुकाबरा हे नाव आपल्याकडे क्रिकेटच्या चेंडूमुळे आधी पोहोचले, पक्षी मात्र पूर्व ऑस्ट्रेलियाचा. न्यू साउथ वेल्समधील विराजुरी लोकांच्या भाषेतला ‘गुगुबरा’ हा मूळ शब्द आपल्या ‘काऊ’, ‘चिऊ’प्रमाणे आवाजावरूनच घडलेला आहे, म्हणून ओळखीची सुरुवातही कानानेच करावी.

सिडनी, मेलबर्न किंवा ब्रिस्बेनला असाल, तर उजाडण्यापूर्वीच निलगिरीची जुनी झाडे असलेल्या उद्यानात जाऊन उभे राहावे. आधी कोणी घशातल्या घशात खुदखुदल्यासारखे ऐकू येते. मग तो पक्षी चोच आभाळाकडे करून मोठ्याने ‘हा-हा-हा’ सुरू करतो आणि त्याच्या कुटुंबातले इतर त्यात सूर मिसळतात. हे हसणे नसून हद्दीची दवंडी असते. त्यामुळे आवाज थांबताच निघून न जाता शेजारच्या कुटुंबाचे उत्तर येते का, याकडे कान द्यावा. ते कोणत्या दिशेने आले हे दोन-तीन दिवस टिपून ठेवल्यास दोन्ही कुटुंबांमधली सीमा साधारण कोठे असावी, याचा अंदाज येतो. सकाळ हुकली, तर संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करता येतो.

हा खंड्याचाच भाऊबंद, पण सुमारे 40 ते 45 सेंटिमीटर लांबीचा. पांढुरके डोके, डोळ्यावरून मागे गेलेला तपकिरी पट्टा, पंखावर निळसर ठिपके आणि तांबूस शेपटीवर काळ्या रेघा, एवढे पाहिले की पुरे. मात्र डोळा फिकट, पंख ठळक निळा आणि आवाज कर्कश असून मध्येच तुटणारा असेल, तर तो उत्तरेकडचा निळपंखी कुकाबरा समजावा. क्वीन्सलँडच्या काही भागांत दोघेही आढळत असल्याने तेथे घाई करू नये.

पाण्याकाठी त्याला शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण मासे हे त्याचे मुख्य खाद्यच नव्हे. तो फांदीवर किंवा तारेवर निश्चल बसून जमिनीवर नजर ठेवतो, झेपावून किडा, सरडा किंवा लहान साप उचलतो आणि परत येऊन भक्ष्य फांदीवर आपटतो. त्याला खाऊ घालू नये. सहलीत मात्र ताटावर लक्ष असू द्यावे, कारण पळवलेला भाजका सॉसेजही तो जिवंत सापासारखाच फांदीवर आपटून मग गिळतो.