आडव्या सायकलीला कॅडन्सवाला मीटर घेताना या चुका टाळा

मिस्तरीने वायर ताणून पाहिली, पुन्हा ताणून पाहिली आणि खाली ठेवली. “पुरत नही भाऊ.” जळगावात माझ्या आडव्या सायकलीला, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या रिकम्बंटला, कॅडन्स (पाय मिनिटाला किती फेरे मारतात तो आकडा) दाखवणारा पहिला मीटर बसवायला गेलो, तो दिवस असा संपला. मीटर चांगला होता, वायरही आखूड नव्हती. तो सगळा संच साध्या सायकलीचं माप धरून बनवलेला होता, आणि ही गोष्ट विकत घेण्याआधी माझ्या लक्षात आली नव्हती. त्यानंतर खानदेशात ज्या मोजक्या लोकांकडे रिकम्बंट आहे, त्यांच्याही हातून जवळपास त्याच चुका झालेल्या पाहिल्या. म्हणून हे सविस्तर लिहितो.

बाजारात आपल्यासाठी वेगळं काही का मिळत नाही, त्याला इतिहास आहे. 1933 मध्ये फ्रान्सिस फोर याने आडव्या सायकलीवर तासाभरात 45 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापून विक्रम केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या. जे शर्यतीत नाही त्याचं सामान कंपन्या सहसा बनवत नाहीत. त्यामुळे आपल्याला साध्या सायकलीचं सामानच पारखून घ्यावं लागतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक: जोड-सेन्सर

वेग आणि कॅडन्स दोन्ही मोजणारा एकच सेन्सर स्वस्त पडतो, म्हणून हात आधी तिकडेच जातो. साध्या सायकलीत तो मागच्या चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या नळीवर) बसतो. तिथे मागचं चाक आणि क्रँक (पायडलचा दांडा) यांच्यात वीतभर अंतर असतं, त्यामुळे एका डबीला चाकावरचं आणि क्रँकवरचं अशी दोन्ही चुंबकं दिसतात. आपल्या सायकलीत क्रँक पुढे बूमच्या (सीटपुढे निघालेल्या नळीच्या) टोकाला आणि मागचं चाक पाठीमागे. मध्ये मीटरभराहून जास्त अंतर, आणि त्या अंतरात आपण स्वतः पहुडलेले. वायरच्या मीटरलाही हेच लागू पडतं: एक वायर, टोकाला दोन फाटे, आणि दोन्ही फाटे एकाच बाजूला जाणारे. माझा मीटर परत गेला तो या फाट्यांमुळे.

म्हणून वेगाचा सेन्सर वेगळा आणि कॅडन्सचा वेगळा असलेलाच संच घ्या. पेटीवर ‘स्पीड/कॅडन्स’ असं लिहिलं असेल, तर आत डब्या एक की दोन, हे पेटी उघडून पाहा.

बिनवायरचा म्हणजे कितीही लांबून चालणारा, हा समज

बिनवायरच्या स्वस्त मीटरमध्ये बहुतेक वेळा जुन्या ॲनालॉग पद्धतीचा सिग्नल असतो. पुढच्या चिमट्यापासून हॅण्डलपर्यंत, म्हणजे साधारण 60 ते 70 सेंटिमीटरपर्यंत तो नीट पोचतो. आडव्या सायकलीत क्रँकपासून छातीजवळच्या हॅण्डलपर्यंतचं अंतर जवळजवळ पायाच्या लांबीएवढं असतं. हॅण्डल सीटखाली असेल तर त्याहून जास्त. मग आकडा येतो, जातो, मध्येच शून्य होतो. दुकानात जाण्याआधी टेपने दोन मापं घ्या: क्रँक ते स्क्रीन आणि ज्या चाकावर सेन्सर लावणार ते चाक ते स्क्रीन.

ॲनालॉग सिग्नलला आजूबाजूच्या विजेचाही त्रास होतो. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा रस्त्यावरून जातात. अशा तारांखाली वेग अचानक भलताच दिसला तर लगेच सेन्सर खोलू नका. पुढे जाऊन आकडा जागेवर आला, तर सेन्सरमध्ये दोष नाही.

माझं स्पष्ट मत आहे की आडव्या सायकलीला एएनटी प्लस (सेन्सर-मीटर जोडणारी ब्लूटूथसारखीच बिनवायरची पद्धत) किंवा ब्लूटूथचे डिजिटल सेन्सरच घ्यावेत. पैसे जास्त जातात, पण अंतराची कटकट बरीच मिटते. बरीच, पूर्णपणे नाही. हे सिग्नल 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि माणसाचं पाण्याने भरलेलं शरीर ते शोषून घेतं. सीटखालच्या हॅण्डलवर मीटर आणि बूमवर सेन्सर असेल तर मध्ये मांड्या येतात. तिथे मीटर थोडा बाहेरच्या बाजूला सरकवून पाहा. आणि सेन्सर ज्या भाषेत बोलतो ती मीटरला कळते का, हे घेण्याआधी तपासा. नुसता ब्लूटूथचा सेन्सर आणि नुसता एएनटी प्लसचा मीटर यांची जोडी कधीच जुळत नाही.

नुसत्या जीपीएसवर भागवणं

मोबाइल वेग सांगतो, अंतर सांगतो. पाय मिनिटाला किती फिरतात, हे सेन्सरशिवाय त्याला कळत नाही. आणि आपल्याला गरज आहे ती नेमकी या आकड्याची. साध्या सायकलवाला धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर उभा राहून अंगाचं वजन पायडलवर टाकू शकतो. आपण टाकू शकत नाही. आपली पाठ सीटला टेकलेली, त्यामुळे जड गियरमध्ये रेटा दिला की पायडल आणि सीट यांच्यात गुडघा सापडतो. मी पहिला उन्हाळा कॅडन्सशिवाय काढला आणि नंतर दोन महिने गुडघा धरून बसलो. आता चढ दिसला की वेगाकडे बघतच नाही. कॅडन्स 70 च्या खाली उतरायच्या आत गियर हलका करतो. सपाटीला 80 ते 90 च्या आसपास पाय फिरते ठेवतो. म्हणून मीटर असा घ्या की पहिल्याच पानावर कॅडन्स मोठ्या आकड्यात दिसेल. बटण दाबून तिसऱ्या पानावर जावं लागत असेल, तर रस्त्यात तो आकडा कोणी बघत नाही.

चाकाचं माप

आडव्या सायकलीचं पुढचं चाक बहुतेक 20 इंची, मागचं 26 इंची किंवा 700 मापाचं. सेन्सर पुढे लावायचा आणि माप मागच्या चाकाचं भरायचं, किंवा मीटर आला तसाच चालवायचा, असं फार होतं. 20×1.5 टायरचा घेर साधारण 1490 मिलिमीटर आणि 700×25 चा 2105. मीटरमध्ये 2105 राहिलं आणि सेन्सर छोट्या चाकावर असला, तर ताशी 20 चा वेग 28 दिसतो, 25 किलोमीटरची फेरी 35 ची होते. आनंद होतो, पण तो खोटा असतो.

तक्त्यावर फार विसंबू नका. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, नेहमीएवढी हवा भरा, स्वतः सायकलवर बसा आणि कोणालातरी सायकल ढकलायला सांगून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या. दोन खुणांतलं अंतर मिलिमीटरमध्ये भरा. पुढे दोन चाकं असलेल्या तीनचाकीला सेन्सर मागच्या चाकालाच लावा, कारण पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली असतात आणि तिथे चिमटाच नसतो.

बसवताना

चुंबकाचा सेन्सर बूमवर बसतो आणि चुंबक क्रँकवर. दोघांतली फट 2 ते 5 मिलिमीटर ठेवा. वायर असेल तर बूमच्या जोडापाशी तिला थोडी ढील द्या. घरातल्या उंच माणसासाठी बूम पुढे सरकवला की ताणलेली वायर तुटते. वायर उन्हापासून जपायला मी ठिबकची 16 मिलिमीटरची नळी उभी चिरून वर घातली आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बांधावर असा तुकडा कोणीही देईल.

बिनचुंबकाचा सेन्सर (स्वतःच्या फिरण्यावरून फेरे मोजणारा) डाव्या क्रँकच्या आतल्या अंगाला बांधतात. बांधल्यावर क्रँक हाताने सावकाश पूर्ण फिरवा आणि तो बूमला घासतो का ते बघा. आपण बसून नाही, पहुडून पायडल मारतो, म्हणून त्याचा हिशेब चुकेल, अशी शंका मला बरेच जण विचारतात. चुकत नाही. क्रँक उभ्या वर्तुळातच फिरतो आणि सेन्सरला तेवढं पुरतं.

मीटरची क्लिप जाड हॅण्डलसाठी असते. अनेक आडव्या सायकलींचा हॅण्डल पाइप 22.2 मिलिमीटरचा असतो, तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.

उन्हाचा विचार तर खानदेशात करावाच लागतो. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या सायकलीवरचा मीटर त्याहून कितीतरी तापतो. पेटीवरची तापमानाची मर्यादा वाचा आणि थांबलात की मीटर काढून खिशात ठेवा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो लावूनच दुकानात स्क्रीन बघा, आडवी-तिरपी करून. काही कोनांत ती पार काळी दिसते, आणि आपल्या हॅण्डलवर मीटर बऱ्याचदा तशाच वेड्यावाकड्या कोनात बसतो.

आकडा येईनासा झाला तर

आधी सेल बदला, बहुतेक वेळा सीआर 2032 लागतो. पावसाळ्यात चुंबकावर काळ्या मातीचा लेप बसलाय का आणि धक्क्याने चुंबक सरकलंय का ते बघा. डिजिटल सेन्सर असेल तर घरातला मोबाइल आधीच त्याला जोडलेला नाही ना, हे तपासा. एका वेळी एकच ब्लूटूथ जोड देणारे सेन्सर अजून बरेच आहेत. आकडा येतोय पण खरा वाटत नाही, तेव्हा घड्याळ लावून एक गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. 20 वेळा आला तर मीटरवर 80 दिसायला हवं. 40 दिसलं तर सेन्सरकडून एकाआड एक फेरा सुटतोय. चुंबक आणखी जवळ घ्या.