जललेखा पहिल्यांदाच करताय? मायनस आलेली आवक शून्य करू नका

जलसंपदा खात्यात जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणून नवीन लागलात, शाखेत एखादं मध्यम धरण आलंय आणि साहेब म्हणालेत "यंदाचा जललेखा तू कर", अशांसाठी लिहितोय. जललेखा म्हणजे धरणाच्या पाण्याचा वर्षभराचा जमाखर्च. दलघमी (दशलक्ष घनमीटर), उपयुक्त साठा, मृत साठा, सिंचन वर्ष १ जुलै ते ३० जून, एवढं येतं असं धरून चालतो. परीक्षेसाठी हायड्रॉलॉजी सगळ्यांनीच घोकलेली असते, मीही घोकली होती, तरी पहिल्याच वर्षी असा आपटलो की अजून जून आला की पोटात गोळा येतो.

आमचं धरण मराठवाड्यातलं, उपयुक्त साठा १२ दलघमी. काम दिसायला सोपं. वर्षाच्या सुरुवातीला किती होतं, किती आलं, कालव्याला किती सोडलं, पिण्याला किती, एमआयडीसीला किती, उडून किती गेलं, शेवटी किती उरलं. दुकानदाराची वही. पण या वहीत एक गोम आहे जी मला कुणी सांगितली नाही: "किती आलं" हे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कुणी मोजतच नाही. धरणाच्या वर नदीवर मापन केंद्र नसतं. म्हणून आवक उलटी काढतात, म्हणजे कालच्या आणि आजच्या साठ्यातला फरक, त्यात सोडलेलं पाणी, सांडव्यावरून गेलेलं, बाष्पीभवन हे मिळवायचं, जे येईल ती आवक. आता नीट बघा, अशी काढलेली आवक हिशेबात टाकली की हिशेब जुळणारच, चुकीच्या आकड्यांनीही जुळणार. गेज (पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी) चुकलं, फ्ल्यूमचा (कालव्यातलं पाणी मोजायच्या बांधकामाचा) विसर्ग चुकला, कपॅसिटी टेबल (कुठल्या पातळीला किती साठा याचा तक्ता) जुनं असलं, सगळा कचरा गुपचूप आवकेच्या रकान्यात जाऊन बसतो आणि वरून सगळं स्वच्छ.

आता माझा खड्डा. मला आधीच्या साहेबांची एक्सेल मिळाली होती. (सीनियरची एक्सेल हे माझ्या मते खात्यातलं सगळ्यात धोकादायक गिफ्ट आहे, कुणाला पटो न पटो.) त्यात आवकेच्या रकान्यात फॉर्म्युला होता की उत्तर मायनस आलं तर शून्य घे. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "अरे आवक कधी मायनस असते का? पावसाळ्यात नसते, उन्हाळ्यात तर नदी कोरडी, शून्यच धरायची." पटलं मला. तुम्हालाही पटेल, म्हणूनच जरा लांबण लावतो.

जानेवारीत आमच्या धरणाचा पाणपसारा (पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ) साधारण २५० हेक्टर. म्हणजे गेजवर १ सेंटीमीटर इकडेतिकडे झालं की २५,००० घनमीटर, ०.०२५ दलघमी. आज वारा गेजच्या बाजूला होता, लाट होती, चौकीदार काकांनी १ सेंमी जास्त वाचलं. उद्या वारा पडला, बरोबर वाचलं. खरं पाणी तेवढंच आहे. पण हिशेबात आज +०.०२५ आवक आणि उद्या −०.०२५. दोन्ही राहू दिले तर बेरीज शून्य, कुणाचं काही बिघडलं नाही. पण मायनसला शून्य केलं की प्लस तेवढे राहतात. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, आत येतं, बाहेर जात नाही. रोज थोडं थोडं करत जानेवारी ते मे, म्हणजे जेव्हा नदीत कुत्रंसुद्धा पाणी प्यायला उतरत नव्हतं तेव्हा, माझ्या शीटमध्ये ०.७ दलघमी पाणी "आलं". आणि पुसलेले मायनस होते १.१ दलघमीचे.

वर्षाअखेर ताळा घेतला तर बरोबर १.१ जास्त, हिशेबाने धरणात असायला हवं ते गेजवर नाही. रात्रीचे साडेदहा, सकाळी अहवाल द्यायचा. मी काय केलं असेल? गळतीच्या रकान्यात टाकून दिलं आणि झोपलो.

आधीची तीन वर्षं गळती ०.३, ०.३, ०.३. (तीन वर्षं एकसारखं गळणारं धरण कुणाला खटकलं नव्हतं, माझं बरोबर खटकलं.) तीन आठवड्यांनी पत्र आलं की मातीच्या भरावातून गळती एका वर्षात साडेतीन पटीच्या वर कशी गेली, धरण सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहणी केली का, व्ही-नॉचच्या (गळतीचं पाणी मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेच्या) नोंदी जोडा. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. आणि गंमत म्हणजे व्ही-नॉचची वही कपाटातच होती, जानेवारी ते मेची गळती त्यात ०.१५ दलघमी. मी ती उघडूनच बघितली नव्हती.

पाच दिवस बसून रोजची नोंदवही परत घातली, मायनस जसेच्या तसे ठेवून. निव्वळ उत्तर −०.४. त्यातले ०.१५ गळतीचे. उरले ०.२५. ते कुठे गेले हे सांगितलं रिटायर झालेल्या मोजणीदार अण्णांनी, फोनवर, अर्ध्या मिनिटात: "साहेब, बॅकवॉटरच्या मोटारी मोजल्या का?" म्हणजे धरणाच्या काठावरून पाणी उपसणाऱ्या मोटारी. नव्हत्या मोजल्या. परवानगीच्या होत्या तेवढ्याच कागदावर. दुसऱ्या दिवशी गाडीवर काठाने चक्कर मारली आणि मोजता मोजता कंटाळलो. म्हणजे मायनस आवक ही चूक नव्हतीच हो, तो धरणाचा निरोप होता आणि आम्ही दरवर्षी फॉर्म्युला लावून तो पुसत होतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, पाऊस संपल्यानंतरचे कोरडे महिने हीच तुमच्या हिशेबाची खरी परीक्षा. तेव्हा आवक शून्याच्या आसपास वरखाली नाचली तर मोजमाप ठीक. सतत मायनस असेल तर कुणीतरी पाणी नेतंय, किंवा बाष्पीभवन कमी धरलंय, किंवा कालव्याच्या फ्ल्यूमवर विसर्ग कमी लागतोय. सतत प्लस असेल तर बहुतेक बाष्पीभवन जास्त धरलंय, पॅनचं (बाष्पीभवन मोजायच्या भांड्याचं) रीडिंग ०.७ ने गुणायचं राहिलं का ते आधी बघा, मे महिन्यात हा फरक मोठा पडतो. रोजचं बघून घाबरू नका, दहा दिवसांची बेरीज बघा. मोठ्या धरणावर तर हे आणखी भारी. नाथसागर (पैठणचं जायकवाडी धरण) पूर्ण भरला की पाणपसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, तिथे १ सेंमी म्हणजे ३.५ दलघमी, आमच्या धरणाच्या पाव भागापेक्षा जास्त. आणि तिथल्या १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर, ६५ टक्के झाला का नाही यावर, नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं का याचं भांडण ठरतं. एक सेंटीमीटर!

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. १ टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी, हे टेबलाच्या काचेखाली लावून ठेवा, बैठकीत लोक टीएमसीत बोलतात आणि कागद दलघमीत असतो. कपॅसिटी टेबल कुठल्या सालचं आहे ते विचारा, मेरीने (खात्याची नाशिकची संशोधन संस्था) गाळाचा सर्व्हे केला असेल तर नवीन टेबल वापरायला मंजुरी आहे का तेही. बिगर सिंचनाचं पाणी बिलावरून घेऊ नका, बिल करारातल्या कोट्यावर निघालेलं असू शकतं आणि उचल वेगळी असते. सेन्सर बसवलाय म्हणून गेजपट्टी बघणं सोडू नका, आमचा सेन्सर चिखलात रुतून आठ दिवस एकच आकडा देत होता आणि डॅशबोर्डवर हिरवा दिवा.

आणि एवढं वाचून हातपाय गाळू नका, खरंच. हे काम दुसऱ्या वर्षी निम्म्या वेळात होतं. पत्र आलं म्हणून माझी नोकरी गेली नाही, सुधारित अहवाल गेला, साहेब महिनाभर नीट बोलले नाहीत मग बोलायला लागले. गाईड म्हणून मात्र एक्सेल देणारा माणूस शोधू नका, रिटायर झालेला मोजणीदार किंवा कालवा निरीक्षक शोधा, चहा पाजा, नोंदवही पुढे ठेवा.

१ जुलैला सकाळी ८ वाजता स्वतः धरणावर जा. तेच एक रीडिंग जुन्या वर्षाचा शेवट आणि नवीन वर्षाची सुरुवात दोन्हीकडे जातं, गेजपट्टीचा फोटो काढा, काकांची नोंदवहीत सही घ्या. मी गेलो त्या वर्षी वहीत ८ चं रीडिंग आधीच लिहून ठेवलेलं होतं, घड्याळात पावणेआठ.