०.१ व्होल्ट आणि काळा प्लग

आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून बीडच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा ओटू सेन्सरबद्दल, म्हणजे धुरातला ऑक्सिजन बघून व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरबद्दल, एवढंच पाठ होतं: ०.४५ व्होल्टच्या वर रिच (पेट्रोल जास्त), खाली लीन (पेट्रोल कमी). परीक्षेत ते चाललं. गॅरेजात त्याच एका वाक्यानं मला दोन दिवस रानोमाळ हिंडवलं.

गेवराईकडची एक पेट्रोल गाडी आली. ॲव्हरेज पार बसलेलं, चेक लाइट लागलेला. स्कॅनर लावला तर पुढचा ओटू सेन्सर ०.१ व्होल्टला चिकटलेला. ट्रिम, म्हणजे ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती वाढवतो-कमी करतो तो आकडा, शॉर्ट टर्म अधिक २२ टक्के, लाँग टर्म अधिक १८. मी लगेच निकाल दिला, पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून साफ केले, पंपाचं प्रेशर बघितलं. प्रेशर बरोबर होतं आणि आकडा जिथल्या तिथं.

उस्ताद लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "प्लग काढून बघितला का रे?"

काढला. काजळीनं काळाकुट्ट.

"सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतो जास्त. खोटं कोण बोलतंय?"

"सेन्सर," मी म्हणालो.

"तोही खरंच बोलतोय. त्याला पेट्रोल दिसतच नाही, ऑक्सिजन दिसतो. तो कुठून आला ते हुडक."

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना चालू केली. उस्तादांनी ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबलं, आणि मॅनिफोल्डकडून, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाकडून, टक टक आवाज मोठा झाला. त्याच्या जोडातल्या गॅस्केटच्या (सील करणाऱ्या पट्टीच्या) कडेला नखाएवढा काजळीचा डाग होता. धूर तिथून बाहेर फेकला जातो, पण दोन झटक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीयू समजतो की मिश्रण लीन आहे आणि पेट्रोल वाढवत जातो. वाढवतो तरी आकडा हलत नाही, म्हणून आणखी वाढवतो. ॲव्हरेज तिथं गेलं होतं. नवी गॅस्केट बसवल्यावर आकडा खालीवर नाचायला लागला आणि ट्रिम ५ टक्क्यांच्या आत आली. इंजेक्टर साफ करायचे पैसे बिलात लावले नाहीत.

मिसफायरमध्येही हीच फसगत होते. सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला ऑक्सिजन न वापरता सेन्सरपर्यंत जातो. नाकाला कच्च्या पेट्रोलचा वास येतोय आणि सेन्सर लीन सांगतोय, तर आधी प्लग-कॉइल बघा.

दुसरी चूक मी ०.४५ वर केली. गाडी नुकतीच चालू केलेली, आकडा ०.४५ वर स्थिर. मी म्हटलं, एकदम परफेक्ट! हा झिरकोनियाचा (एका सिरॅमिकचा) सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तोवर बऱ्याच गाड्यांत ईसीयूनं स्वतः दिलेला व्होल्टेजच तारेवर दिसतो. म्हणजे सेन्सर झोपलेला होता, आणि मी त्याला शाबासकी देत होतो. इंजिन तापल्यावरही आकडा तिथंच बसला, तर हीटर किंवा तुटलेली तार तपासा. मल्टीमीटरवरही असाच घोटाळा होतो: आकडा भराभर नाचत असला की मीटर मधलाच काहीतरी दाखवतो. स्कॅनरवर ग्राफ लावून बघा. तापलेल्या इंजिनाला २००० ते २५०० आरपीएमवर धरलं की पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा खालीवर झाला पाहिजे. मागचा, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा, बहुतेक ०.६-०.७ च्या आसपास शांत असतो. तो पुढच्यासारखा नाचायला लागला तर कन्व्हर्टरवर संशय घ्या.

नवा सेन्सर आणायला गिऱ्हाइकाला सांगण्याआधी जुन्याला हलवून बघा. झटक्यात ॲक्सिलेटर दिला की आकडा ०.८ च्या वर उडाला पाहिजे. व्हॅक्यूमची एक बारीक नळी काढली की ०.२ च्या खाली आला पाहिजे. दोन्हीकडे चटकन गेला तर सेन्सर ठणठणीत आहे. सिग्नलच्या तारेवर ओहमचा मोड मात्र कधीच लावू नका, सेन्सर जातो.

ट्यूनिंगचं वेड असलेली पोरं याच सेन्सरवर फुल थ्रॉटलचं मिश्रण लावायला बघतात. हा सेन्सर फक्त बाजू सांगतो, किती ते सांगत नाही. एका भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा, या आकड्याला तो उलटतो, पण फुल थ्रॉटलला लागतं साडेबारा-तेरा, आणि तिथं ०.८५ आणि ०.९ मधला फरक मिश्रणापेक्षा सेन्सरच्या तापमानानंच जास्त पडतो. त्यासाठी किती तेही मोजणारा वाइडबँड सेन्सरच लागतो. त्यावरही लॅम्डा (असलेली हवा भागिले नेमकी लागणारी हवा) वाचायची सवय लावा, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ चा आकडा लागू पडत नाही. लॅम्डा १ मात्र कुठल्याही इंधनाला १ च.

परवा एका पोरानं वाइडबँडच्या आउटपुट तारेला मल्टीमीटर लावला आणि २.३ व्होल्ट बघून ०.४५ च्या हिशेबानं "उस्ताद, लईच रिच आहे" करत पळत आला. मला उस्ताद म्हणाला म्हणून आधी चहा सांगितला, मग वाइडबँडच्या कंट्रोलरसोबत आलेला व्होल्टचा तक्ता त्याच्या हातात दिला.