रेझिन लावताच कागदी मुखवटा मुरडतो? माझा अनुभव

तान्ह्या पोळ्यासाठी पोराला सिनेमातल्या राक्षसाचा मुखवटा हवा होता. कार्डशीटचा सांगाडा झकास जमला, पण तो टणक करायला रेझिन (घट्ट होऊन कडक होणारं पातळ रसायन) लावलं की जबडा डावीकडे मुरडायचा. जाड कागद, आत रद्दी कोंबणं, सगळं फसलं. दोन मुखवटे कचऱ्यात. डोकं फिरलं होतं.

जमलं ते असं. आधी आतून कानापासून कानापर्यंत आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पुठ्ठ्याच्या पट्ट्या ग्लूगनने आडव्या-उभ्या ताणून चिकटवल्या. मग बाहेरून पॉलिस्टर रेझिनचा पातळ हात: १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन), काट्यावर मोजून. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. टणक झाल्यावरच पट्ट्या कापल्या, आतून फायबर मॅट (काचतंतूंचं कापडासारखं अस्तर) बसवली. सगळं गच्चीवर, हातमोजे आणि कार्ट्रिजवाला (रसायनाची वाफ गाळणारा) मास्क घालून. नागपुरात झड लागली असेल तर रेझिनचा डबा उघडूच नका. वास पूर्ण जाईपर्यंत पोराला हात लावू दिला नाही.