प्रौढांच्या वर्गात ताल्मुद कसा वाचावा

ताल्मुद म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ. त्याच्या वर्गात नवीन आलेल्याला मी आधी जोडीदार शोधायला लावते. ज्यू परंपरेत हा अभ्यास जोडीने, मोठ्याने, वाद घालत चालतो. पान उघडलं की मधला मजकूर घ्या: मिश्ना, म्हणजे मूळ नियमांचा संग्रह, आणि गेमारा, म्हणजे त्यावरची चर्चा. बांधणीकडच्या बाजूला राशी, अकराव्या शतकातले फ्रेंच भाष्यकार. अडलात की आधी त्यांना विचारा. बाहेरच्या बाजूचं तोसाफोत, म्हणजे राशींनंतरच्या पंडितांच्या टिपा, सध्या राहू द्या, डोकं गरगरतं! एकाने वाक्य वाचावं, दुसऱ्याने ‘हे कशावरून?’ म्हणून अडवावं. हिलेल आणि शम्माई या प्राचीन ज्यू गुरूंच्या पंथांतले मतभेद सुरुवातीला उत्तम. रोज एक पान वाचायची पद्धत १९२३ पासूनची. २,७११ पानांना साधारण साडेसात वर्षं लागतात. नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांच्या तासाला चार ओळी झाल्या तरी मी खूश. भाषांतर जरूर वापरा, पण मूळ पान समोर हवंच.