मेसीजचा इतिहास पायी कसा वाचावा

न्यूयॉर्कच्या मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर थेट हेरल्ड स्क्वेअरला, म्हणजे आजच्या मुख्य दुकानाकडे न जाता सुरुवात १४व्या रस्त्यावर, सहाव्या अव्हेन्यूच्या कोपऱ्याजवळ करावी. रोलंड हसी मेसी यांनी १८५८ साली आपले कापडचोपड व तत्सम वस्तूंचे दुकान याच भागात थाटले. त्यापूर्वीची त्यांची दुकाने चालली नव्हती, आणि पहिल्या दिवसाची विक्रीही जेमतेम ११ डॉलर ८ सेंट झाली. त्या कोपऱ्यावर क्षणभर थांबून दुकानाच्या दोन नियमांचा विचार करावा: प्रत्येक वस्तूची एकच ठरलेली किंमत आणि फक्त रोख व्यवहार. घासाघीस आणि उधारी ज्या काळात सर्रास चालत असे, त्या काळात हा मोठा धाडसी निर्णय होता; माझ्या मते मेसीजच्या यशाचे मूळ भव्य इमारतीपेक्षा येथेच शोधावे. १८६६ साली दुकानाची व्यवस्था मार्गारेट गेचेल या तरुणीकडे सोपवली गेली, हेही येथेच लक्षात घ्यावे.

यानंतर ५६ वेस्ट १४व्या रस्त्यावरची अरुंद, उंच इमारत पाहावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेसीजने बांधलेली ही पुरवणी इमारत आजही उभी आहे. तेव्हा मालकी स्ट्रॉस कुटुंबाकडे आली होती. १८७४ साली याच कुटुंबाने मेसीजच्या तळघरात चिनी मातीच्या आणि काचेच्या वस्तूंचा विभाग भाड्याने घेतला होता, आणि तेथूनच ते आधी भागीदार आणि पुढे मालक झाले.

आता सहाव्या अव्हेन्यूने सुमारे मैलभर उत्तरेकडे चालावे. वाटेत १८व्या रस्त्यावर सीगल-कूपर या प्रतिस्पर्धी दुकानाची १८९६ची प्रचंड इमारत लागते. तिचे वास्तुविशारद डी लेमोस आणि कॉर्डिस यांनीच १९०२ साली उघडलेल्या हेरल्ड स्क्वेअरच्या मेसीजचाही आराखडा केला, त्यामुळे दोन्ही दर्शनी बाजू एकाच दिवशी पाहून ताडून घेता येतात.

ब्रॉडवे आणि ३४व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पोहोचल्यावर मुख्य इमारतीला खेटून उभी असलेली छोटीशी इमारत शोधावी. मोठ्या जाहिरातफलकामुळे ती सहज नजरेतून निसटते. या कोपऱ्याची जागा मेसीजला मिळू नये म्हणून ती आधीच विकत घेतली गेली आणि त्यामागे सीगल-कूपरचा हात होता, असे सांगितले जाते. मेसीजने तो तुकडा सोडून त्याच्या भोवती बांधकाम केले. इमारतीच्या आकारात जी खाच दिसते, ती त्या जुन्या चुरशीचा पुरावा होय.

३४व्या रस्त्याच्या प्रवेशद्वारावरील स्त्रीमूर्तींचे स्तंभ पाहून आत शिरावे आणि इसिडोर व आयडा स्ट्रॉस यांच्या स्मृतिफलकापाशी थांबावे. १९१२ साली टायटॅनिकवर हे दांपत्य एकत्रच बुडाले. वरच्या मजल्यांकडे जाताना लिफ्टऐवजी लाकडी पायऱ्यांचे जुने सरकते जिने घ्यावेत. अजूनही चालणारे हे जिने दुकानाच्या जुन्या, ब्रॉडवेच्या बाजूच्या भागात आहेत. शेवटी सातव्या अव्हेन्यूच्या बाजूने बाहेर पडून १९२४ नंतर वाढवलेला भाग निरखावा, आणि ब्रॉडवेकडील नक्षीदार दर्शनी भागाशी त्याची तुलना करावी. झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखा एकेक थर येथे तारखेने ओळखता येतो, आणि थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दिवशीची आपली पहिली मिरवणूकही मेसीजने १९२४ सालीच काढली.